तिजोरीतली पाती

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी बँकेच्या पहिल्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या ठेवण्याच्या कोपऱ्यात, सरकारचे एक टेबल आले आणि टेबलामागे एक बाई येऊन बसल्या. कोणत्याही व्यापाऱ्याला वा कारखानदाराला कर्ज देण्यापूर्वी शासनाच्या प्रतिनिधीची संमती घ्यावी, असा आदेश निघाला होता. मॅनेजरच्या सहीशेजारी बाईंची सही झाल्याखेरीज रोखपालाच्या खिडकीतून नवे कर्ज बाहेर पडेनासे झाले. आदेशामागचे कारण साधे होते. ठेवीदारांचा पैसा लढणाऱ्यांच्या आणि जगणाऱ्यांच्या गरजेकडे जावा. तो कुणी माल दडवून ठेवण्यासाठी किंवा चैनीसाठी उचलू नये. बँकेतल्या लोकांना हे कारण पटत होते, टेबल मात्र पटत नव्हते. त्यांनी बाईंचे नाव ‘कुलूपबाई’ ठेवले. ते त्यांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शिपायाला हाक मारली, “कुलूपबाईंचं टपाल आलंय का रे?” शिपायाला कुठे बघावे ते कळेना.

बाई मूळच्या वजनमापे खात्यातल्या. बाजारातून हिंडावे, दुकानदाराच्या तागडीखाली हात घालावा, पारड्याच्या बुडाशी चिकटवलेले मेण काढून त्याच्या हातावर ठेवावे, यात त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे गेली होती. कागदावर लिहिलेले वजन आणि तागडीतले वजन यांची गाठ पडेपर्यंत कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय त्यांनी बँकेतही सोबत आणली. कर्ज मागायला आलेला माणूस बोलू लागला की त्या त्याला मध्येच थांबवीत.

“ते नंतर. आधी वस्तू ठेवा.”

म्हणजे जे बनवायला कर्ज हवे त्याचा एक नमुना टेबलावर ठेवायचा. कर्ज मंजूर होवो वा न होवो, नमुना तिथेच राही. बुटाचे तळवे, तंबूच्या कड्या, कंदिलाच्या काचा, घोड्याच्या पट्ट्याचे बक्कल अशी त्या टेबलावर गर्दी झाली. साखळदंड बनवणाऱ्याची एकच कडी दोन हमालांनी उचलून आणली होती. ती टेबलाच्या पायाशी पडून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ठेचा लागत.

“बाई, ही बँक आहे,” मॅनेजर म्हणत, “तुम्ही भंगाराचं दुकान मांडलंय. एखादा ठेवीदार ही कडी विकत मागेल.”

“मागितली तर किंमत तुमच्याकडूनच विचारून घेईन.”

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. आपल्या बँकेत आपली सही अर्धी झाली, याचे त्यांना दुःख होते. आणि त्या दुःखाला विनोदाची सवय लागली होती.

अशात एके सकाळी बूचवाले आले. बाटल्यांची बुचे बनवण्याचा कारखाना त्यांच्या आजोबांनी काढला, वडिलांनी वाढवला, आणि आता ते स्वतः तो चालवीत. अंगाने सुके, आवाजाने खणखणीत, वयाने सत्तरीकडे झुकलेले. अर्जात त्यांनी आपले ग्राहक मोठ्या अक्षरांत लिहिले होते. शहरातल्या बड्या मद्य कारखान्यांपैकी एकाचेही नाव सुटले नव्हते.

“वस्तू ठेवा,” बाई म्हणाल्या.

बूचवाल्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक जाडजूड बूच काढले आणि दागिना ठेवावा तसे ते टेबलावर ठेवले. “नखाने खरवडून बघा, बाईसाहेब. एक भोक सापडलं तर कारखान्याला वडिलांचं नाव लावणार नाही. वीस वर्षं बाटली पडून राहिली तरी आतला वास बाहेर येणार नाही.”

बाईंनी खरंच खरवडून पाहिले. “सुरेख आहे. पण आदेशात बुचं मद्याच्या धंद्याबरोबर घातलेली आहेत. त्या धंद्याला युद्ध संपेपर्यंत नवं कर्ज नाही.”

बूचवाले क्षणभर हसले. त्यांना ही थट्टा वाटली असावी. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांचे हसू मावळले. “अहो, माझी बुचाच्या झाडाची साल गोदीत येऊन पडलीय. सालीचे गठ्ठे. पैसे भरल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि पुढच्या शुक्रवारी लिलाव करणार म्हणतात. या युद्धात पुन्हा जहाज कधी लागणार? साल गेली की कारखाना गेला. माझी माणसं काय करतील? त्यांना दुसरं काही येत नाही. मलाही येत नाही.”

“आदेश माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात आहे तरी काय?”

बूचवाले बूच उचलू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, “ते राहू द्या.”

“नाकारलेल्या माणसाचा नमुना कशाला ठेवता?”

“मंजूर केलेले माझ्या लक्षात राहतात. नाकारलेले विसरले जातात.”

ते बूच टेबलावर एका औषधाच्या बाटलीशेजारी राहिले. ती बाटली जखमा धुण्याचे औषध बनवणाऱ्या कारखान्याची होती. त्या कारखान्याला बाईंनी स्वतःच कर्ज मंजूर केले होते. बाटलीच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबून वरून मेण ओतले होते. घाईत आणलेला नमुना असेल, म्हणून तेव्हा कुणी लक्ष दिले नव्हते. बूचवाले गेल्यानंतरच्या सोमवारी टपाल वाचताना बाईंच्या मनगटाला ओल लागली. बाटलीच्या बुडाशी पिवळट कडे उमटले होते. मेणाला चीर पडून औषध पाझरत होते. त्यांनी बोळा काढला आणि शेजारचे जाडजूड बूच बाटलीच्या तोंडाला लावून पाहिले. ते आत जाणे शक्य नव्हते. बाटलीचे तोंड करंगळीएवढे, बूच अंगठ्याहून जाड.

दुसरी कुणी व्यक्ती तिथेच थांबली असती. बाईंनी बोळा पुन्हा कोंबला, बाटली फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि त्या थेट औषधाच्या कारखान्यात गेल्या.

तिथले रसायनतज्ज्ञ मालक त्यांना बघून दचकले. कर्जाच्या पैशाने आणलेली भांडी दाखवायला ते धावले. भांडी होती, चकचकीत होती, भरलेलीही होती. पण बाटल्या भरण्याच्या खोलीत कुणी काम करीत नव्हते. फळ्यांवर भरलेल्या बाटल्या उघड्या तोंडांनी उभ्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी चादर पसरली होती. शवागारात आल्यासारखे वाटावे अशी ती खोली होती.

“बुचंच नाहीत हो,” मालक म्हणाले. “लष्कराची गाडी येऊन रिकामी परत गेली. उघडं औषध दोन दिवसांनी ओतून द्यावं लागतं. आम्ही रोज बनवतो आणि रोज ओततो.”

“बुचं घेत कुठून होता?”

“बाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून. तो म्हणतो, कारखाना बंद पडायला आलाय. कुठला कारखाना विचारलं तर दात काढतो. कारखान्याचा पत्ता सांगितला तर त्याचं दुकान कशाला चालेल?”

“मला का कळवलं नाही?”

“आम्हाला वाटलं जहाजं बुडाली असतील. त्यात बँकेचा काय संबंध?”

त्याच दुपारी बाई बूचवाल्यांच्या कारखान्यात शिरल्या. मोठ्या कढईत उरलीसुरली साल उकळत होती आणि ओल्या लाकडाचा तुरट वास भिंतींत मुरला होता. उकळून मऊ झालेल्या सालीच्या पट्ट्या कापायच्या, आणि पायाने फिरवायच्या यंत्राला लावलेले पोकळ, नळीसारखे पाते त्या पट्टीत घुसवले की आतून बूच बाहेर पडते, हे काम बाई बराच वेळ उभ्या राहून पाहत होत्या. नकार देणारी बाई आता काय बघायला आली, हे बूचवाल्यांच्या पाठीवरही लिहिलेले दिसत होते.

कोपऱ्यात दोन बायका पट्ट्यांच्या उरलेल्या कडांतून लहान पात्याने बारीक बुचे काढून पोत्यात टाकीत होत्या.

“ते काय?”

“ती चिल्लर,” बूचवाले मागे न बघता म्हणाले. “कडेला उरतं त्यातून निघते. एक व्यापारी पोत्याने उचलतो. पुढे कुणाला विकतो ते मी विचारत नाही.”

बाईंनी पोत्यातून एक बूच घेतले, पिशवीतून बाटली काढली, बोळा उपसून बूच दाबून बसवले आणि बाटली आपल्या तळहातावर उपडी धरली. हात कोरडा राहिला.

“हे अर्जात का लिहिलं नाही?”

“चिल्लर? अर्जात?” बूचवाले खरेच दुखावले. “बाईसाहेब, आपली ओळख करून देताना माणूस मला गाता येतं असं सांगतो. मी घोरतो असं सांगतो का?”

कढईपाशी उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाईही हसल्या असत्या. पण तेवढा वेळ नव्हता. औषधवाला आणि बूचवाला एकाच शहरात, एकाच बँकेच्या दारात उभे होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. एकाला कर्ज देऊन आणि दुसऱ्याला नाकारून आपण पहिल्याच्या कर्जाचे पाणी करतो आहोत, हे त्यांना त्या उपड्या बाटलीत दिसले. शुक्रवार चार दिवसांवर आला होता.

बँकेत परतल्यावर त्यांनी सगळे मॅनेजरना सांगितले. मॅनेजरनी चष्मा काढला, पुसला आणि ते प्रथमच बाईंच्या बाजूने बोलले.

“एवढंच ना? साल झाडाचीच असते. ‘लाकूडसामान’ म्हणून घालू. लाकडाला बंदी नाही. मी आत्ता सही करतो, तुम्ही करा. उद्या साल सुटेल.”

“आणि परवा त्याच नावाखाली कुणाच्या तरी बंगल्याच्या खुर्च्या येतील. तेव्हा मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

“अहो, तोवर म्हातारा बुडेल!”

“त्याला बुडू द्यायचं नाही. पण खोट्या नावाने तरंगवायचाही नाही.”

“तुम्हाला कुलूपबाई म्हणतात ते उगीच नाही.”

“ते ठाऊक आहे. बँकेची मोटार मिळेल का, तेवढं सांगा. मंडळाच्या कचेरीत जायचंय.”

कर्जांवर देखरेख ठेवणाऱ्या त्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ऐकताना ते डोळे मिटून घेत. नवख्या माणसाला वाटे झोपले. बाई त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर पूर्ण सकाळ बसल्या, चिटणिसांनी तिसऱ्यांदा “पुढच्या आठवड्यात या” म्हटल्यावरही बसून राहिल्या, आणि अध्यक्ष जेवायला बाहेर पडले तेव्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात बारीक बूच. उभ्याउभ्याच बोलणे झाले.

“आज तुम्ही बूच मागता,” अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले. “उद्या बाटलीवरचं लेबल मागाल. परवा लेबलाची खळ.”

“मागेन, साहेब. लेबल नसलेल्या बाटलीतलं औषध कोण वापरेल?”

“मग आदेशाला शेवट कुठे?”

“वस्तू वापरणाऱ्याच्या हातात पडते तिथे. आपण वस्तूचं नाव पाहून कर्ज देतो किंवा नाकारतो. ती वस्तू शेवटी कुठे पोचते, ते पाहून द्यावं, एवढंच म्हणणं आहे.”

अध्यक्षांनी डोळे उघडले. “सालीला पैसे दिले आणि त्याने मोठी बुचं काढून चोरून विकली तर? त्याला आज तिप्पट भाव येईल.”

हा प्रश्न बाईंनी स्वतःला वाटेत विचारला होता आणि त्याचे उत्तर त्यांना आवडले नव्हते. तरी त्यांनी ते दिले. “मोठी काढायची पाती त्याच्याकडे राहणार नाहीत. बँकेच्या तिजोरीत राहतील, माझ्या मोहोरेखाली.”

“त्याला कबूल आहे?”

“अजून विचारलेलं नाही.”

“नाही म्हणाला तर?”

“तर कर्ज नाही. ते मीच त्याला सांगेन.”

अध्यक्षांचे जेवण लांबले. परवानगी लेखी मिळाली. पण पाती तिजोरीत पडल्याखेरीज पैसा हलता कामा नये, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात खाली लिहिले.

संध्याकाळी घरी बाईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले होते, पण यंत्र सोडवत नव्हते.

“म्हणजे त्याच्या हातातलं काढून घेणार तू?”

“हो.”

“माझं यंत्र कुणी नेलं असतं ना, तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.”

“तुम्हाला उठवायला चार माणसं लागली असती,” बाईंचे यजमान ताटे मांडता मांडता म्हणाले.

“तू गप रे. आणि काय गं, तिजोरीत ठेवून ती पाती गंजली म्हणजे? लोखंड नुसतं बसून राहिलं की माझ्या गुडघ्यासारखं होतं.”

बाई जेवायला बसल्या. सासूबाईंना उत्तर न मिळण्याची सवय नव्हती. त्यांनी यंत्राचे चाक जरा जोरातच फिरवले.

बुधवारी बूचवाल्यांनी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. चेहरा आधी उजळला, मग पडला, मग लाल झाला.

“ती पाती माझ्या आजोबांनी घासून बसवलेली आहेत.”

“म्हणूनच मागते. साधी असती तर तुम्ही आठवड्यात दुसरी करून घेतली असती.”

“म्हणजे मी चोर?”

“तुम्ही नाही. पण तुम्हाला दिलेलं पाहून उद्या दुसरा येईल. त्याला ओळखत नाही मी. नियम त्याच्यासाठीही आहे.”

“आणि मी काय करायचं? एवढ्या उंची सालीची चिल्लर? बाईसाहेब, नव्या कोटाचे रुमाल कापायला सांगताय तुम्ही मला!”

“हो. सध्या रुमालच हवेत.”

ते उठून कढईपाशी गेले. पट्ट्या कापणाऱ्या बायका, यंत्रावरची माणसे, सगळी हात थांबवून उभी होती. बूचवाल्यांनी एकेकाकडे पाहिले. मग त्यांनी यंत्रावरचे मोठे पाते स्वतःच्या हाताने सोडवले. एकेक पाते फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पेटीत ठेवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पेटी बंद झाल्यावर म्हणाले, “परत देताना मोहोर माझ्यासमोर फोडायची. माझ्या पाठीमागे कुणी हात लावायचा नाही.”

“नाही लावणार,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी पैशाचा हुकूम घेऊन मॅनेजर स्वतः गोदीत गेले. त्यांना असे कधी करावे लागत नसे. पण लिलाव दुपारचा, असे सर्वांना सांगून लिलाववाल्याने तो सकाळीच सुरू केल्याचे टेलिफोनवर कळले होते. स्थूल शरीर आणि घट्ट बूट यांच्यासह ते धक्क्यावरून हुकूम हलवीत पळाले, “थांबवा! बँकेचा आहे तो माल!” असे ओरडत. पोचेपर्यंत मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगे बनवणाऱ्या एकाने तिसरा हिस्सा घेऊन टाकला होता. उरलेले गठ्ठे सुटले. मॅनेजर एका गठ्ठ्यावर बसून धापा टाकत होते. बूचवाल्यांनी त्यांना पाणी दिले आणि गेलेल्या हिश्शाविषयी एक शब्द काढला नाही. “उरलंय ते माझं,” एवढेच म्हणाले आणि हमालांना हाक मारली.

पुढची वर्षे त्या कारखान्यात चिल्लरच निघाली. औषधाच्या फळ्यांवरची चादर उठली. बाई न सांगता येत, पोत्यात हात घालीत, एखादे बूच खिशात टाकून नेत. बूचवाले त्यांच्याशी कामापुरते बोलत. “या, रुमाल तपासा,” असे त्यांचे स्वागत असे. बँकेत मात्र एक नवी गोष्ट सुरू झाली. दर महिन्यात एकदा बाई मॅनेजरना तिजोरीच्या खोलीत सोबत नेत. मॅनेजर कुरकुरत जात, आत उभे राहत, एका वहीत सही करत आणि हात पुसत बाहेर येत. आत काय चालते ते त्यांनी कुणाला सांगितले नाही; त्यांना ते सांगणे कमीपणाचे वाटत असावे.

युद्ध संपले. आदेश मागे घेतला गेला. बाईंना वजनमापे खात्यात परत जाण्याचे पत्र आले आणि टेबल रिकामे होऊ लागले. साखळीची कडी न्यायला पुन्हा दोन हमाल आले. शेवटी बूचवाल्यांना बोलावणे गेले. ते आता काठी घेऊन चालत. पेटी समोर ठेवल्यावर त्यांनी मोहोर निरखली आणि त्यांचा जुना आवाज परत आला.

“ही ती मोहोर नाही. लाख ताजी आहे. तुम्ही उघडली होती.”

“दर महिन्याला,” बाई म्हणाल्या. “शब्द मोडला. प्रत्येक वेळेची नोंद आहे आणि मॅनेजरसाहेबांची साक्ष आहे.”

“साक्ष? मला दिवा धरायला लावला हो,” मॅनेजर म्हणाले.

बूचवाल्यांनी लाख फोडली. झाकण उघडले. वरचे फ्लॅनेल बोटांना बुळबुळीत लागले. त्यांनी एक पाते काढले, खिडकीकडे नेले, नळीतून आरपार पाहिले, धारेवरून अंगठा फिरवला. मग दुसरे. मग तिसरे. गंजाचा ठिपका कुठे नव्हता. मॅनेजर उगीचच घसा साफ करीत होते.

बूचवाल्यांनी बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

“कुठलं तेल?”

“शिवणयंत्राचं. सासूबाईंच्या डब्यातलं.”

“पातळ आहे,” बूचवाले म्हणाले. “याला जरा जाड लागतं.”

“लक्षात ठेवीन.”

“नका ठेवू.” त्यांनी पाते पुन्हा गुंडाळले आणि पेटी काखेत मारली. “पुढच्या वेळी माझ्याकडेच राहू द्या.” दारापर्यंत गेलेले बूचवाले परत फिरले. टेबलावर एकटेच उरलेले आपले जाडजूड बूच त्यांनी उचलले, नखाने खरवडून पाहिले आणि पुन्हा बाईंसमोर ठेवून दिले.